विश्लेषण : अफाट गुणवत्ता, अपुरी कारकीर्द… बेस्ट, गारिंचा, गॅसकॉइन, आद्रियानो खरेच ‘वाया’ गेले का?

जॉर्ज बेस्टचे २५ नोव्हेंबर २००५ रोजी लंडनच्या रुग्णालयात निधन झाले, तेव्हा तो ५९ वर्षांचा होता. आठवडाभराने बेलफास्टमध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली आणि भर पावसात सुमारे लाखभर लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. २०२५ मध्ये या घटनेला २० वर्षे झाली. फुटबॉलचे चाहते एकत्र जमले, की आजही मैदानाबाहेरच्या आयुष्याने गिळलेल्या खेळाडूंची यादी बेस्टच्या नावापासूनच सुरू होते. मग गारिंचा, पॉल गॅसकॉइन, आद्रियानो, डेले अली अशी नावे येतात आणि गप्पा बहुतेक वेळा एकाच वाक्यावर संपतात : ‘काय खेळायचा, पण वाया गेला!’ हे वाक्य हळहळीतून येते. मात्र, त्यात सगळा दोष एकट्या खेळाडूच्या खात्यावर पडतो. या खेळाडूंच्या कारकिर्दी नीट तपासल्या, तर काय दिसते?

चाहते नेमके काय विसरू शकत नाहीत?

बेस्टचा जन्म १९४६चा, बेलफास्टचा. वयाच्या १७व्या वर्षी, सप्टेंबर १९६३ मध्ये त्याने मँचेस्टर युनायटेडकडून पदार्पण केले. शरीरयष्टी किरकोळ, पण तोल असा की बचावपटूंना पायांत पाय घालूनही त्याला पाडता येत नसे. मार्च १९६६ मध्ये युरोपियन चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत बेन्फिकाच्या घरच्या मैदानावर युनायटेडने ५-१ असा विजय मिळवला. त्या सामन्याच्या पहिल्या १२ मिनिटांत बेस्टने दोन गोल केले. लांब केसांच्या या पोराला पोर्तुगालमधील वृत्तपत्रांनी ‘पाचवा बीटल’ ठरवले. १९६८ मध्ये युनायटेडने युरोपियन चषक जिंकला. अंतिम सामन्याच्या जादा वेळेत गोलरक्षकाला चकवून बेस्टने केलेला गोल आजही पुन्हा पुन्हा पाहिला जातो. त्याच वर्षी त्याला ‘बॅलन डी’ओर’ पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी १९७० मध्ये निलंबनाची शिक्षा भोगून परतल्यावर त्याने नॉर्दम्प्टनविरुद्ध एकाच सामन्यात सहा गोल केले.

आद्रियानोची आठवण वेगळ्या पिढीची. आज तिशी-पस्तिशीत असलेल्या अनेकांनी त्याला मैदानापेक्षा संगणकावर अधिक पाहिले. ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर ६’ या खेळात त्याच्या फटक्याची ताकद १०० पैकी ९९ होती. चेंडू त्याच्या डाव्या पायावर आला, की समोरचा मित्र नियंत्रक खाली ठेवून द्यायचा. प्रत्यक्षातही तो तसाच होता. या खेळाडूंचे अपुरेपण आजही बोचते, ते त्यांनी काही काळ खरोखरच सर्वोच्च पातळी गाठली होती म्हणून.

‘वाया गेला’ म्हणजे किती गमावले?

आकडे पाहिले तर हे खेळाडू अपयशी म्हणता येणार नाहीत. बेस्टने युनायटेडकडून ४७० सामन्यांत १७९ गोल केले. गारिंचाने ब्राझीलसाठी १९५८ आणि १९६२ असे दोन विश्वचषक जिंकले. गॅसकॉइन इंग्लंडकडून ५७ सामने खेळला. अनेकांच्या स्वप्नातही नसते, ते या तिघांनी मिळवले.

प्रश्न आहे तो वयाचा. बेस्ट युनायटेडसाठी शेवटचा सामना १ जानेवारी १९७४ रोजी खेळला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्यानंतर तो इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिका अशा अनेक ठिकाणी खेळला, पण तो उत्तरार्ध बहुतांशी नावावर चालला. लुका मॉड्रिचला ‘बॅलन डी’ओर’ मिळाला ३३व्या वर्षी आणि लिओनेल मेसीने विश्वचषक उंचावला ३५व्या वर्षी. या तुलनेत बेस्टची किमान सहा-सात वर्षे गेली. उत्तर आयर्लंडकडून तो ३७ सामने खेळला, पण विश्वचषकात एकदाही नाही. १९८२ मध्ये त्याचा देश स्पर्धेसाठी पात्र ठरला, तेव्हा ३६ वर्षांच्या बेस्टची संघात निवड झाली नाही. आद्रियानोची आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधील सर्वोत्तम वर्षे २००४ आणि २००५. तेव्हा तो जेमतेम २२-२३ वर्षांचा होता.

गारिंचाचा त्रास कोणाला दिसत नव्हता का?

मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस ऊर्फ गारिंचा १९३३ मध्ये रिओजवळच्या पाउ ग्रांदे या कापड गिरणीच्या गावात जन्मला. त्याचे दोन्ही पाय वाकडे होते. वडील मद्यपी होते आणि त्यालाही दारूची सवय लवकर लागली. १९५८च्या विश्वचषकाआधी ब्राझीलने खेळाडूंच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या. त्यात गारिंचाला फार कमी गुण मिळाले आणि त्याला खेळवू नये, असा निष्कर्ष निघाला. १७ वर्षांच्या पेलेबद्दलही तेच मत होते. प्रशिक्षकांनी दोघांनाही खेळवले आणि ब्राझील विश्वविजेता झाला.

हा किस्सा नेहमी मानसशास्त्रज्ञाची फजिती म्हणून सांगितला जातो. पण खेळाडूच्या मनाची तपासणी करण्याची सोय त्या संघाकडे १९५८ मध्येच होती, हेही त्यातून कळते. तिचा उपयोग ‘खेळवायचे की नाही’ एवढ्यापुरताच झाला. १९६२ मध्ये पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला आणि गारिंचाने स्पर्धा खांद्यावर पेलली. इंग्लंडविरुद्ध दोन आणि उपांत्य फेरीत यजमान चिलीविरुद्ध दोन गोल त्याने केले. गुडघे झिजत असताना इंजेक्शने देऊन त्याला खेळवले जात होते. बोटाफोगो क्लबच्या कोऱ्या करारांवर तो आकडा न पाहता सही करत असे. आपला बाजारभाव त्याला कधीच नीट कळला नाही. पेले आणि गारिंचा एकत्र मैदानात असताना ब्राझीलने एकही सामना गमावला नाही. त्यातला एक जण पुढे जागतिक ब्रँड झाला. दुसरा २० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी दारूमुळे गेला. त्याचे पार्थिव माराकाना स्टेडियमवर ठेवले, तेव्हा हजारोंची गर्दी लोटली होती.

बेस्टच्या काळात काय बदलले होते?

इंग्लिश फुटबॉलमध्ये १९६१ पर्यंत खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती. ती होती आठवड्याला २० पौंड. त्या काळातला मोठा खेळाडूही कामगार वस्तीत राहायचा आणि अनेकदा बसने मैदानावर जायचा. मर्यादा उठली आणि दोनच वर्षांत बेस्ट अवतरला. १९६४ मध्ये बीबीसीवर ‘मॅच ऑफ द डे’ सुरू झाले आणि खेळाडूंचे चेहरे घरोघर पोहोचले. जाहिराती, कपड्यांची दुकाने, नाइट क्लब, पाठलाग करणारे छायाचित्रकार हे सगळे एका फुटबॉलपटूच्या वाट्याला येण्याची ही पहिलीच वेळ होती. ते कसे हाताळायचे, हे सांगू शकेल असा अनुभवी माणूस क्लबमध्ये नव्हता. प्रशिक्षक मॅट बझ्बी त्याच्यावर मुलासारखी माया करत. तो सराव चुकवायचा, ते रागवायचे, मग तो पुढच्या सामन्यात गोल करायचा आणि विषय मिटायचा.

मँचेस्टरला १५व्या वर्षी पहिल्यांदा आल्यावर बेस्ट दुसऱ्याच दिवशी घरच्या ओढीने बेलफास्टला पळून गेला होता. त्याची आई चाळिशीनंतर दारूच्या आहारी गेली आणि १९७८ मध्ये मद्यपानाशी संबंधित आजारानेच तिचे निधन झाले. व्यसनाचा धोका काही अंशी आनुवंशिक असतो, हे आज डॉक्टर स्पष्टपणे सांगतात. पण चाहत्यांना बेस्टची दारू आठवते ती बहुतेक विनोदातून. हॉटेलच्या खोलीत विश्वसुंदरी, पलंगावर जिंकलेल्या नोटा आणि शॅम्पेन घेऊन आलेला वेटर विचारतो, की तुझे कुठे चुकले? हा किस्सा बेस्ट स्वतःच रंगवून सांगे. त्यावर हशा पिकला, की वेटरचा प्रश्न खरोखर विचारण्याजोगा होता, हे निसटून जाई.

गॅसकॉइनची थट्टा कुठपर्यंत गेली?

पॉल गॅसकॉइन दहा वर्षांचा असताना मित्राचा धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत मोटारीखाली सापडून मरण पावला. त्या मुलाकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर होती, ही बोच त्याला आयुष्यभर राहिली. त्यानंतरच्या काळात चेहऱ्याला झटके येणे, त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा करणे असे त्रास सुरू झाल्याचे त्याने पुढे सांगितले. ड्रेसिंग रूममध्ये मात्र तो सगळ्यात मोठा विनोदवीर होता.

१९९० च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याला पिवळे कार्ड मिळाले. इंग्लंड जिंकले तरी आपण अंतिम सामना खेळणार नाही, हे कळल्यावर २३ वर्षांच्या गॅसकॉइनच्या डोळ्यांत पाणी आले आणि देश त्याच्या प्रेमात पडला. वर्षभराने एफए चषकाच्या अंतिम सामन्यात एका बेफाम टॅकलमध्ये त्याने स्वतःच्याच गुडघ्याचा अस्थिबंध फाडून घेतला. पुढचा संपूर्ण हंगाम गेला. युरो १९९६ पूर्वी हाँगकाँग दौऱ्यात इंग्लंडच्या खेळाडूंना खुर्चीत बसवून त्यांच्या तोंडात थेट बाटलीतून दारू ओतली गेली. त्यावर टीका झाली. मग स्कॉटलंडविरुद्ध स्पर्धेतला सर्वात देखणा गोल केल्यावर गॅसकॉइन गवतावर आडवा झाला आणि सहकाऱ्यांनी त्याच्या तोंडात पाणी ओतून त्याच प्रसंगाची नक्कल केली. स्टेडियम हसले. दोन वर्षांनी, १९९८च्या विश्वचषक संघातून त्याला वगळण्यात आले. इंग्लंडसाठी तो पुन्हा खेळला नाही.

त्याच्या फोनवर पाळत आहे, असे गॅसकॉइन पुढे अनेक वर्षे सांगत राहिला. तो त्याच्या मनाचा खेळ आहे, असे त्याला जवळची माणसेच नव्हे, तर उपचार करणारेही सांगत. २०१५ मध्ये लंडनच्या न्यायालयाने मिरर वृत्तपत्र समूहाला फोन हॅकिंगबद्दल त्याला १ लाख ८८ हजार २५० पौंड भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याची शंका खरी होती. एका आजारी माणसाचे खासगी संदेश चोरून ऐकले जात होते आणि त्यातून बातम्या केल्या जात होत्या. त्या बातम्यांना वाचकही भरपूर होते.

आद्रियानोचे गोल काय लपवत होते?

आद्रियानो रिओतील विला क्रुझेरो या झोपडवस्तीचा. २५ जुलै २००४ रोजी कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना जिंकत असताना भरपाई वेळेत त्याने बरोबरीचा गोल केला आणि ब्राझीलने पेनल्टी शूटआऊटमध्ये बाजी मारली. सात गोलांसह तो स्पर्धेत अव्वल ठरला. त्यानंतर काही दिवसांतच त्याच्या वडिलांचे निधन झाले. इटलीत इंटर मिलानचा कर्णधार हाविएर झानेट्टीने तो फोन आला तेव्हाचा प्रसंग सांगितला आहे. आद्रियानोने फोन खाली टाकला आणि तो किंचाळू लागला. त्या दिवसापासून आपण आणि क्लबचे अध्यक्ष त्याला धाकट्या भावासारखे जपत होतो, पण नैराश्यातून बाहेर काढू शकलो नाही, हा आपल्या कारकिर्दीतला सर्वात मोठा पराभव, असे झानेट्टी म्हणतो.

पण त्यानंतरही वर्षभर आद्रियानो गोल करत होता. २००५ च्या कॉन्फेडरेशन्स चषकात तो सर्वोत्तम खेळाडूही ठरला आणि सर्वाधिक गोल करणाराही. जोवर चेंडू जाळ्यात जात होता, तोवर बाहेरून सगळे ठीक दिसत होते. यंत्रात आतून तडा जात असावा आणि तबकडीवरचा काटा मात्र नेहमीच्या जागी स्थिर असावा, तसे. सरावाला आपण नशेत येत होतो आणि क्लब बाहेर स्नायू दुखावल्याचे कारण देत असे, असे त्याने नंतर स्वतः सांगितले. २००९ मध्ये इटलीतील पैसा सोडून तो घरी परतला. टीकाकारांना हा वेडेपणा वाटला. पण त्याच वर्षी फ्लेमेंगोने १७ वर्षांनी ब्राझीलचे विजेतेपद मिळवले आणि आद्रियानो १९ गोलांसह संयुक्तपणे अव्वल राहिला. आपल्या माणसांत तो काही काळ तरी सावरला होता. २०२४ मध्ये लिहिलेल्या प्रदीर्घ लेखात त्याने स्वतःलाच फुटबॉलमधील सर्वात मोठी नासाडी म्हटले. चाहत्यांचा शब्द त्याने स्वीकारला, पण घरी परतल्याचा पश्चात्ताप मात्र व्यक्त केला नाही.

एकाच दोषाला दोन वेगळी उत्तरे मिळाली, तर काय होते?

याचे उदाहरण इंग्लंडमध्येच सापडते. नोव्हेंबर १९९४ मध्ये आर्सेनलचा पॉल मर्सन याने दारू, कोकेन आणि जुगार या तिन्हींचे व्यसन असल्याची जाहीर कबुली दिली. इंग्लिश फुटबॉल संघटनेने त्याला उपचारांसाठी पाठवले, क्लबने करार कायम ठेवला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये तो मैदानावर परतला. १९९८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्धच्या शूटआऊटमध्ये त्याने इंग्लंडसाठी पेनल्टी मारली. व्यसनाशी त्याचा झगडा त्यानंतरही सुरूच राहिला, पण कारकीर्द वाचली.

दहा वर्षांनी चेल्सीचा रोमानियन आघाडीपटू आद्रियान मुतू कोकेन चाचणीत दोषी आढळला. ऑक्टोबर २००४ मध्ये क्लबने त्याला काढून टाकले. सात महिन्यांची बंदी आली. एवढ्यावर हे प्रकरण थांबले नाही. करारभंगाबद्दल चेल्सीला १ कोटी ७१ लाख युरोंहून अधिक भरपाई द्यावी, असा निकाल फिफाने दिला आणि २००९ मध्ये क्रीडा लवादाने तो कायम ठेवला. हा खटला थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. मुतू फिओरेंटिनाकडून उत्तम खेळला, पण २०१० मध्ये प्रतिबंधित औषधाबद्दल त्याच्यावर पुन्हा बंदी आली. महाराष्ट्रातील चाहत्यांना तो आठवतो तो २०१५ च्या इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीचा खेळाडू म्हणून. रोमानियाकडून ३५ गोल करत गेऑर्गे हाजीच्या विक्रमाशी बरोबरी करणारा हा खेळाडू ३६व्या वर्षी बालेवाडीत खेळत होता.

मर्सन आणि मुतू यांची प्रकरणे तंतोतंत सारखी नाहीत. मर्सनने स्वतःहून कबुली दिली, तर मुतू चाचणीत सापडला. तरीही आधी उपचार की आधी हकालपट्टी, या निर्णयाने पुढचा रस्ता किती बदलतो, हे त्यातून दिसते.

जे सावरले, त्यांच्यात वेगळे काय होते?

मर्सनचाच कर्णधार टोनी अ‍ॅडम्स. १९९० मध्ये दारूच्या नशेत गाडी ठोकल्याबद्दल त्याला तुरुंगवास झाला. तुरुंगातून सुटला आणि पुन्हा कर्णधारपदाचा दंडपट्टा बांधून मैदानात उतरला. दारू सुरूच राहिली. सप्टेंबर १९९६ मध्ये त्याने सहकाऱ्यांना एकत्र करून आपण मद्यपाशात अडकल्याचे सांगितले. त्याच सुमारास आर्सेन वेंगर प्रशिक्षक म्हणून आले. आहार, विश्रांती, सराव सगळेच बदलले आणि क्लबमधील दारूची संस्कृती मागे पडली. अ‍ॅडम्सने त्यानंतर १९९८ आणि २००२ मध्ये लीग व एफए चषक अशी दुहेरी विजेतेपदे पटकावली. २००० मध्ये त्याने व्यसनग्रस्त खेळाडूंसाठी ‘स्पोर्टिंग चान्स’ हे उपचार केंद्र सुरू केले.

बेस्टपेक्षा अ‍ॅडम्सची इच्छाशक्ती मोठी होती, असे म्हणून हा विषय संपवता येतो. पण अ‍ॅडम्सला सावरताना भोवतालची व्यवस्थाही बदलत होती, हे विसरता येत नाही. बेस्टच्या वेळी ती नव्हती. गारिंचाच्या वेळी तर तिची कल्पनाही नव्हती.

मग खेळाडूची स्वतःची काहीच जबाबदारी नाही का?

नक्कीच आहे. सहानुभूतीच्या भरात एक बाजू झाकली जाऊ नये. ऑक्टोबर १९९६ मध्ये गॅसकॉइनने पत्नीला मारहाण केली. तिची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली, त्याने ती मारहाण कबूलही केली. तरीही त्याच आठवड्यात रेंजर्स क्लबने त्याला चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात खेळवले. बेस्टला १९८४ मध्ये मद्यपान करून गाडी चालवणे आणि पोलिसावर हल्ला या गुन्ह्यांसाठी तुरुंगात जावे लागले. २००२ मध्ये दात्याचे यकृत मिळूनही तो पुन्हा पिऊ लागला, तेव्हा अवयवाच्या प्रतीक्षेत असलेल्यांच्या कुटुंबीयांना संताप येणे स्वाभाविक होते.

म्हणजे या कथांतील नुकसान केवळ न झालेल्या गोलांचे नाही. त्यात पत्नी आहेत, मुले आहेत. ‘अवलिया’, ‘मनस्वी’ अशा शब्दांनी हे सगळे रंगीत होते आणि ज्यांनी सोसले ती माणसे चित्राबाहेर जातात. आजार समजून घेणे आणि कृत्याचा जाब विचारणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात. रेंजर्सने त्या आठवड्यात यापैकी एकही केली नाही.

आज परिस्थिती बदलली आहे का?

काही प्रमाणात. जुलै २०२३ मध्ये डेले अलीने एका मुलाखतीत बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल आणि झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनाबद्दल सांगितले. टॉटनहॅमकडून खेळताना सलग दोनदा इंग्लंडमधील सर्वोत्तम युवा खेळाडू ठरलेला आणि २०१८ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत गोल करणारा अली पंचविशीतच का मागे पडला, याची तोवर ‘आळशी’, ‘डोक्यात हवा गेली’ अशी उत्तरे दिली जात होती. मुलाखतीनंतर अनेकांनी आपली जुनी मते मागे घेतली. पुनरागमन मात्र सोपे नव्हते. मार्च २०२५ मध्ये इटलीतील कोमो क्लबकडून बदली खेळाडू म्हणून उतरल्यावर काही मिनिटांतच त्याला लाल कार्ड मिळाले.

दुसरे उदाहरण सांड्रो टोनालीचे. न्यूकॅसलचा हा मध्यरक्षक सट्टेबाजीच्या व्यसनात अडकल्याचे ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झाले. इटलीच्या महासंघाने त्याला १८ महिन्यांची शिक्षा दिली, पण त्यातील आठ महिने उपचार आणि तरुणांसमोरील व्याख्यानांच्या रूपात घालवण्याची मुभा ठेवली. प्रत्यक्ष बंदी १० महिन्यांची राहिली. क्लबने करार तोडला नाही. मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसलने लीग चषक जिंकला, तेव्हा टोनाली मैदानात होता. शिक्षा झाली आणि माणूसही हातचा गेला नाही.

व्यसनाचे रूप मात्र बदलते आहे. बेस्टला दारूसाठी बारपर्यंत जावे लागे. आजच्या खेळाडूचा जुगार त्याच्या फोनमध्ये असतो. ब्रेंटफर्डच्या आयव्हन टोनीवर मे २०२३ मध्ये सट्टेबाजीच्या नियमांचे २३२ वेळा उल्लंघन केल्याबद्दल आठ महिन्यांची बंदी आली. त्याला जुगाराचे व्यसन असल्याचे निदान झाल्यामुळे शिक्षा काहीशी कमी करण्यात आली. तो ज्या जर्सीत खेळायचा, तिच्या छातीवर एका सट्टेबाजी कंपनीचेच नाव होते. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२५-२६ च्या हंगामाअखेर जर्सीच्या दर्शनी भागावरून अशा कंपन्या हटवण्याचे मान्य केले आहे. भारतातही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि पाठोपाठ भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरील नावही गेले.

मराठी वाचकाला हे परके का वाटत नाही?

‘वाया गेला’ म्हटल्यावर महाराष्ट्रात डोळ्यांसमोर येतो तो विनोद कांबळी. १७ कसोटी, १०८४ धावा, ५४.२० ची सरासरी, लागोपाठच्या दोन सामन्यांत द्विशतके आणि शेवटची कसोटी २३व्या वर्षी. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाच्या अनावरणप्रसंगी त्याची सचिन तेंडुलकरशी झालेली भेट लाखो फोनवर पोहोचली. खेळ वेगळा आहे, कारणेही जशीच्या तशी लावता येणार नाहीत. पण चर्चेचा साचा तोच होता. एकाने संधीचे सोने केले, दुसऱ्याने माती केली. आझाद मैदानावरील ६६४ धावांच्या भागीदारीचा दाखला देऊन ही तुलना तीन दशके सुरू आहे. विशीतल्या कांबळीला कुणी सांभाळले, कुणी नुसते मिरवले आणि संघाबाहेर पडल्यावर त्याला कोणता आधार उरला, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले गेले.

आज अकादमींमध्ये बारा-तेरा वर्षांची मुले घरापासून दूर राहून खेळत आहेत. त्यांच्या गुडघ्यांची, वेगाची, हृदयाच्या ठोक्यांची नोंद रोज होते. त्यांच्यापैकी एखादा बेस्टसारखा दुसऱ्याच दिवशी घरी पळाला, गॅसकॉइनसारखा एखाद्या मृत्यूने हादरला किंवा आद्रियानोसारखा वडील गेल्यावरही गोल करत राहिला, तर ते कोणाच्या लक्षात येईल आणि लक्षात आल्यावर तो कोणाला सांगेल? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षकाच्या स्वभावावर अवलंबून आहे. बझ्बींचा स्वभाव प्रेमळ होता. तो पुरेसा पडला नाही.

निधनाच्या काही दिवस आधी बेस्टने रुग्णशय्येवरील आपले छायाचित्र प्रसिद्ध करू दिले. पिवळा पडलेला चेहरा, अंगाला जोडलेल्या नळ्या आणि आपल्यासारखे मरू नका, असा संदेश. आयुष्यभर स्वतःच्या दारूवर विनोद करणाऱ्या माणसाने शेवटी तो थांबवला होता. बेलफास्टच्या विमानतळाला २००६ पासून त्याचे नाव आहे. तिथे उतरणाऱ्या चाहत्यांना बेन्फिकाविरुद्धचे गोल आठवतात आणि ते आठवावेतच. त्यासोबत ते छायाचित्रही आठवले, तर ‘वाया गेला’ हे वाक्य इतक्या सहज तोंडातून निघणार नाही.